श्रीमंत बेट, बिनविम्याची माणसं: हिल्टन हेडचा मोफत दवाखाना कसा उभा राहिला

मोफत दवाखाना काढायचा म्हटलं की पहिली चिंता पैशाची, दुसरी डॉक्टरांची. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायना राज्यातल्या हिल्टन हेड बेटावर १९९४ साली ‘व्हॉलंटियर्स इन मेडिसिन’ नावाचा दवाखाना सुरू झाला. तिथे या दोन्ही गोष्टी आधीपासूनच हजर होत्या. निवृत्त डॉक्टर गोल्फच्या मैदानांवर होते, पैसा बंगल्यांमध्ये होता आणि ज्यांना उपचार हवे होते ती माणसं रोज त्याच बंगल्यांच्या बागा राखत होती. तरीही डॉक्टर आणि रुग्ण यांची गाठ पडत नव्हती. ती पडावी म्हणून आधी राज्याचा कायदा बदलावा लागला, आणि मला या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग तोच वाटतो. इमारत कशी झाली, देणग्या कशा मिळाल्या हे सगळेच सांगतात. निवृत्त डॉक्टरला पुन्हा रुग्ण तपासण्याचा अधिकार कसा मिळाला, हे फार थोडे सांगतात.

बेट आणि पूल

हिल्टन हेड हे अटलांटिकच्या किनाऱ्यालगतचं, ब्यूफर्ट काउंटीतलं बेट. यादवी युद्धात नोव्हेंबर १८६१ मध्ये उत्तरेच्या फौजांनी ते ताब्यात घेतलं आणि मळ्यांचे मालक पळून गेले. पुढच्याच वर्षी, १८६२ मध्ये, गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांचं मिचेलव्हिल हे गाव तिथे वसलं आणि गावाचा कारभार त्यांनी स्वतःच चालवला. त्यांच्या वंशजांना गला म्हणतात. शेती, मासेमारी, कालवं यांवर हा समाज कितीतरी पिढ्या जगला. मुख्य भूमीवर जायचं तर होडीशिवाय मार्ग नव्हता.

१९५६ मध्ये पूल झाला आणि बेटाचं सगळं गणित पालटलं. चार्ल्स फ्रेझर यांनी त्याच सुमारास सी पाइन्सची वसाहत उभारायला घेतली. मागोमाग फाटकांच्या आतली आणखी संकुलं आली, गोल्फची मैदानं आली, नौकांचे धक्के आले. १९६९ पासून इथे दरवर्षी व्यावसायिक गोल्फची मोठी स्पर्धा भरते. उत्तरेकडच्या राज्यांतले यशस्वी लोक निवृत्त झाले की घर बांधायला इथे येऊ लागले.

गला कुटुंबांच्या जमिनीचं काय झालं हे मराठी वाचकाला फार समजावून सांगावं लागणार नाही. बऱ्याच जमिनी मृत्युपत्राविना पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या. कागदावर खापरपणजोबाचं नाव आणि हिस्सेदार देशभर पांगलेले. त्यातल्या एखाद्या दूरच्या हिस्सेदाराने आपला हिस्सा विकला की घेणारा कोर्टात जाऊन अख्ख्या जमिनीच्या विक्रीची मागणी करू शकत असे. शेजारी हॉटेलं झाली तशी जमिनीची किंमत वाढली, किमतीबरोबर मालमत्ता कर वाढला, आणि शेतीच्या उत्पन्नातून तो भरणं शक्य राहिलं नाही. काही कुटुंबांची जुनी दफनभूमी आता फाटकांच्या आत आहे. आजोबांच्या थडग्यावर फुलं वाहायची तर आधी पहारेकऱ्याला कारण सांगावं लागतं.

ज्यांची जमीन गेली त्यांना हॉटेलांत काम मिळालं. तेवढ्याने भागेना, म्हणून मुख्य भूमीवरच्या गरीब काउंट्यांतून, अगदी आलेंडेलसारख्या दूरच्या ठिकाणाहून, बसेस भरून कामगार येऊ लागले. जायला दोन तास, यायला दोन तास, आणि मधले आठ तास खोल्या झाडायच्या, चादरी बदलायच्या, हिरवळ कापायची. १९९० नंतर मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्या कुटुंबांचीही त्यात भर पडली.

विमा का नव्हता

इथे थोडं थांबायला हवं, कारण आपल्याकडून पाहताना अमेरिकेतला ‘विमा नसलेला माणूस’ म्हणजे बेकार माणूस असा समज होतो. हिल्टन हेडवरचे बिनविम्याचे लोक बहुतांशी काम करणारे होते. काहींच्या तर दोन-दोन नोकऱ्या होत्या.

अमेरिकेत आरोग्य विमा नोकरीला बांधला गेला तो दुसऱ्या महायुद्धात. १९४२ मध्ये सरकारने पगारवाढीवर बंधनं घातली तेव्हा कंपन्यांनी कामगार टिकवण्यासाठी पगाराऐवजी विमा देऊ केला, आणि १९५४ च्या करकायद्याने त्यावरची करसवलत पक्की केली. मोठ्या कारखान्यातल्या कायम नोकरदाराला ही सोय चांगली होती. पण हॉटेलातली हंगामी मोलकरीण, आठवड्याला वीस तासांची वेट्रेस, रोजंदारीवरचा गवंडी यांच्या मालकावर विमा देण्याची सक्ती नव्हती. १९६५ मध्ये सरकारी योजना आल्या. मेडिकेअर पासष्टीच्या पुढच्यांसाठी, मेडिकेड गरिबांसाठी. मात्र मेडिकेडमध्ये सगळे गरीब बसत नव्हते. मुलं, गरोदर बाया, अपंग, अगदी कमी उत्पन्नाचे आईबाप यांना जागा होती. मूल नसलेला, धडधाकट दिसणारा, पंचेचाळिशीचा माळी कितीही गरीब असला तरी दक्षिण कॅरोलायनात त्याला त्यात जागा नव्हती.

मग असा माणूस आजारी पडला की जात असे तो थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात. १९८६ च्या एका संघीय कायद्याने रुग्णालयांवर बंधन घातलेलं आहे की तातडीच्या विभागात आलेल्याला पैसे न विचारता तपासायचं आणि प्रकृती स्थिर करायची. स्थिर झाला की जबाबदारी संपली. बिल घरी येतंच. शिवाय रक्तदाबाची रोजची गोळी, साखरेची तीन महिन्यांची तपासणी, किडलेला दात, यांतलं काहीही त्या विभागाचं काम नाही. मेंदूत रक्तस्राव झाल्यावर तो माणसाला आत घेतो. तो होऊ नये म्हणून आधी काही करत नाही. महाराष्ट्रात महात्मा फुले जनआरोग्य योजना चालवणाऱ्यांना ही फट परिचयाची असेल. यादीतली शस्त्रक्रिया योजनेत बसते, पण बाह्यरुग्ण विभागातली महिन्याची गोळी रुग्णाच्या खिशातूनच जाते.

त्याच काउंटीत, पंचवीस वर्षं आधी

हिल्टन हेडचा दवाखाना उभारणारे डॉ. जॅक मॅकॉनेल यांच्याकडे वळण्याआधी आणखी एका डॉक्टरचं नाव घेतलं पाहिजे. पूल ओलांडला की पलीकडे ब्लफ्टन गाव लागतं. तिथे डॉ. डोनाल्ड गॅच हे गोरे डॉक्टर काळ्या गरिबांमध्ये काम करत. १९६७ मध्ये त्यांनी उपासमारीच्या चौकशीपुढे साक्ष दिली आणि मुलांच्या पोटातले जंत, कुपोषण, त्यातून होणारे मृत्यू यांविषयी उघड बोलले. काउंटीतल्या इतर डॉक्टरांनी त्यांना वाळीत टाकल्यासारखं केलं, आणि शेवटी त्यांना तो भाग सोडावा लागला. पण त्यांनी पाहिलेलं खोटं नव्हतं. सिनेटर अर्नेस्ट हॉलिंग्ज स्वतः या भागातल्या झोपड्यांमध्ये फिरले, १९६९ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनमध्ये त्याची कबुली दिली, आणि १९७० मध्ये ब्यूफर्ट आणि जॅस्पर काउंट्यांसाठी संघीय मदतीवर चालणारं सामुदायिक आरोग्य केंद्र उभं राहिलं. ते केंद्र आजही मोठं काम करतं.

गॅच यांचा उल्लेख मी मुद्दाम करते आहे. हिल्टन हेडच्या दवाखान्याची गोष्ट नेहमी एका निवृत्त माणसाच्या भल्या मनाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. भलं मन गॅच यांच्याकडेही होतं. फरक असा की गॅच यांनी समाजाला दोष दाखवला आणि मॅकॉनेल यांनी समाजाकडे मदत मागितली. दोन्ही कामं लागतात, आणि पहिलं करणाऱ्याला किंमत जास्त मोजावी लागते.

जॅक मॅकॉनेल

डॉ. जॅक मॅकॉनेल यांच्या आयुष्याचा मोठा भाग औषध कंपन्यांमध्ये गेला. क्षयरोगाच्या टाइन चाचणीच्या आणि पुढे टायलेनॉल या पॅरासिटामॉलच्या गोळीच्या विकासात त्यांचा मोठा वाटा होता. जॉन्सन अँड जॉन्सनमध्ये वरच्या पदावर पोचून ते निवृत्त झाले आणि हिल्टन हेडवर फाटकाच्या आत घर बांधून राहू लागले.

पण त्यांचं बालपण त्या फाटकाच्या आतलं नव्हतं. वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक, पगार तुटपुंजा, सात मुलं आणि घरात गाडी नाही. रात्री जेवायला बसलं की वडील प्रत्येक मुलाला विचारत, आज तू दुसऱ्या कुणासाठी काय केलंस? उत्तर द्यावंच लागे. गाडी नसल्यामुळे लहानपणी सगळीकडे लोकांच्या गाड्यांतून जावं लागलेलं, म्हणून मोठेपणी रस्त्याने चालणारा दिसला की गाडी थांबवून त्याला आत घ्यायचं, ही त्यांची आयुष्यभराची सवय.

त्या सवयीनेच हा दवाखाना घडवला. बेटाच्या दुसऱ्या बाजूला, कच्च्या रस्त्यांवर आणि गळक्या घरांच्या वस्तीत, ते पायी निघालेल्यांना गाडीत घेत. बोलता बोलता कामाची, घरची चौकशी होई. आजारी पडलात तर कुठे जाता, असं ते विचारत आणि बहुतेकांचं उत्तर एकच असे: कुठेच नाही. मोलकरणी, माळी, वेट्रेस, बांधकाम मजूर, म्हणजे ज्यांच्या हातांवर ते बेट चालत होतं ते सगळे. अशी माणसं रोज पाहणारे त्या बेटावर हजारो होते. मॅकॉनेल यांनी वेगळं केलं ते एवढंच की त्यांनी विचारलं.

आणि त्यांना दुसरी गोष्ट दिसली. ज्या फाटकाआड ते राहत होते तिथे शल्यविशारद होते, बालरोगतज्ज्ञ होते, परिचारिका होत्या, दंतवैद्य होते. चाळीस वर्षांचा अनुभव असलेली माणसं सकाळी काय करावं या विचारात उठत होती. त्यांतल्या काहींनी आठवड्याला फक्त काही तास दिले तरी प्राथमिक उपचारांचा प्रश्न बराच सुटण्यासारखा होता. मॅकॉनेल यांनी एकेकाला गाठून विचारलं. बहुतेकांना कल्पना आवडली. पण जवळजवळ प्रत्येकाने पुढे एक ‘पण’ जोडला.

परवाना

अमेरिकेत डॉक्टरकीचा परवाना राज्य देतं. न्यूयॉर्कमध्ये पस्तीस वर्षं हृदयरोगाचे रुग्ण पाहिलेला डॉक्टर दक्षिण कॅरोलायनात राहायला आला की तिथे त्याला साध्या तापाची गोळी लिहून देण्याचा अधिकार नसतो. नवा परवाना काढायचा तर अर्ज, शुल्क, जुन्या राज्यांकडून दाखले, आणि शिक्षण होऊन बरीच वर्षं झालेली असतील तर परीक्षा. सत्तरीतला सर्जन, ज्याला आठवड्यातून एक दुपार फुकट काम करायचं आहे, तो यासाठी पुन्हा पुस्तकं उघडून बसेल का? बसणार नाही, आणि त्याला दोषही देता येणार नाही.

बरं, या नियमांमागे कारण आहे. परवाना मंडळ रुग्णाचं रक्षण करायला असतं. गरिबांसाठी मोफत आहे म्हणून कुणीही तपासलं तर चालेल, हा विचार घातक आहे आणि गरिबांचा अपमान करणाराही. तेव्हा मॅकॉनेल यांच्यापुढचा खरा प्रश्न असा होता की दर्जा न घसरू देता दार कसं उघडायचं. त्यावरचा तोडगा म्हणजे वेगळ्या प्रकारचा, मर्यादित परवाना. तो फक्त ना-नफा दवाखान्यात, गरजू रुग्णांसाठी, एक पैसाही न घेता काम करणाऱ्यालाच मिळेल. त्यावर खासगी प्रॅक्टिस करता येणार नाही. सगळा अडथळा पैसे घेऊन काम करणाऱ्याला डोळ्यापुढे ठेवून रचलेला होता. पैसेच काढून घेतले की मंडळाची आणि गावातल्या प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांची निम्मी भीती निघून जाते.

हे राज्याच्या विधिमंडळाच्या गळी उतरवायला एक वर्ष गेलं. सारख्या भेटी, पत्रं, पाठपुरावा. ज्या माणसाने आयुष्यभर कंपनीच्या आणि सरकारच्या दारांत ये-जा केली होती त्याचा तो अनुभव इथे कामी आला, असं मला स्पष्ट दिसतं. दवाखान्याच्या संस्थापकात वैद्यकीय कौशल्य असावं अशी आपली अपेक्षा असते. या प्रकरणात अर्ज कुठे अडतो, कुणाच्या टेबलावर अडतो आणि त्याला काय सांगितलं की तो सुटतो, हे ज्ञान जास्त मोलाचं ठरलं.

कोर्टाची धास्ती

परवाना मिळाला तरी दुसरी भीती शिल्लक होती. उपचारात चूक झाली आणि रुग्णाने दावा ठोकला तर? अमेरिकेत अशा दाव्यांत जन्मभराची कमाई जाऊ शकते. नोकरीत असताना डॉक्टर त्यासाठी भरभक्कम हप्ते भरून विमा घेतो. आपल्याकडचे डॉक्टर त्याला नुसतं इन्डेम्निटी म्हणतात. निवृत्त झाल्यावर तो विमा बंद होतो. आता फुकट काम करण्यासाठी वर्षाला हजारो डॉलर हप्ता कोण भरणार?

इथे वाट निघाली ती दक्षिण कॅरोलायनाच्या जॉइंट अंडररायटिंग असोसिएशनमधून. सत्तरच्या दशकात खासगी कंपन्या डॉक्टरांचा विमा उतरवायला नकार देऊ लागल्या तेव्हा राज्याने ही व्यवस्था उभी केली होती. मॅकॉनेल यांनी तिच्याकडून दवाखान्यातल्या सगळ्यांसाठी मोफत संरक्षण मिळवलं. विमा देणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर यात फार मोठं धाडसही नव्हतं. इथे शस्त्रक्रिया नाहीत, बाळंतपणं नाहीत. जिथे मोठे दावे उद्भवतात ते विभागच नाहीत. रक्तदाब मोजणं, साखर पाहणं, जखम बांधणं, कान तपासणं, यांत जोखीम कमी असते.

भारतात हा प्रश्न थोडा वेगळ्या रस्त्याने गेला. इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये डॉक्टरांना ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणलं, पण जिथे सगळ्याच रुग्णांवर विनामूल्य उपचार होतात अशा ठिकाणची सेवा त्या कायद्याबाहेर ठेवली. दिवाणी दाव्याचा मार्ग अर्थात खुला राहतोच. आपल्याकडे मोफत दवाखाना काढू पाहणाऱ्याने हा फरक वकिलाकडून नीट समजून घ्यावा, कारण काही रुग्णांकडून पैसे आणि काहींना मोफत, असं मिश्रण झालं की तो बचाव राहत नाही.

भिंत कुणी लिंपली

कायद्याची बाजू मिटल्यावर बाकीचं भराभर झालं. नगरपालिकेने जागा दिली. लोकांनी टेबलं, खुर्च्या, तपासणीची उपकरणं दिली. आणि पुढे जे या दवाखान्यात येणार होते त्यांच्यातल्याच काहींनी, आठवडाभर राबून झाल्यावर, शनिवार-रविवारी येऊन इमारतीच्या भिंतींना बाहेरून गिलावा केला.

या गिलाव्याबद्दल थोडं लिहायला हवं. धर्मादाय दवाखान्यात शिरणाऱ्या माणसाची मान बहुधा खाली असते. घेणाऱ्याची जागा सांभाळत तो बाकावर बसतो, उशीर झाला तरी बोलत नाही, औषध लागू पडलं नाही तरी पुन्हा सांगत नाही. हे वैद्यकीयदृष्ट्याही वाईट आहे, कारण जो संकोचाने अर्धंच सांगतो त्याचं निदानही अर्धंच होतं. ज्याने त्या भिंतीवर स्वतः थापी चालवली आहे तो दारातून वेगळ्या पायांनी आत येतो. दुरुस्ती कुठे हवी ते तो सांगतो. मॅकॉनेल यांनी हे ओळखलं होतं. येणाऱ्यांना मित्र आणि शेजारी मानायचं, असा दवाखान्याचा रिवाज पडला आणि ज्यांना समाजाने अदृश्य केलं आहे ते दिसण्याची दृष्टी आम्हाला मिळो, त्यांना बरं करताना आम्हीही बरे होवो, अशा अर्थाचं एक निवेदन संस्थेने आपल्या कामासाठी स्वीकारलं. त्यातला शेवटचा भाग मला फार खरा वाटतो. निवृत्तीनंतरचं रिकामपण हाही एक आजार आहे, आणि त्याचा उपचार या दवाखान्यात पहिल्या दिवसापासून होत होता.

१९९४ मध्ये दार उघडलं तेव्हा निवृत्त डॉक्टर, परिचारिका आणि दंतवैद्य यांच्या जोडीला वैद्यकाशी संबंध नसलेले जवळपास दीडशे स्वयंसेवक होते. नोंदणी, फोन, कागदपत्रं ही सगळी कामं त्यांची. दवाखाना कुणाला बिल पाठवत नाही, हा केवळ उदारपणा नाही. अमेरिकेत बिल पाठवणं हा स्वतंत्र धंदा आहे. त्यासाठी माणसं लागतात, संकेतांक लागतात, विमा कंपनीशी भांडावं लागतं. ते सगळं वगळल्यामुळे डॉक्टरला एका रुग्णाजवळ निवांत बसता येतं. चाळीस वर्षं घड्याळाकडे पाहत रुग्ण तपासलेल्या माणसाला याची किंमत फार असते.

सगळंच सोपं नव्हतं. आयुष्यभर एकच अवयव पाहिलेल्या तज्ज्ञाला इथे समोर येतो तो मधुमेह, पाठदुखी, काळजी आणि घरभाड्याची थकबाकी हे सगळं एकदम घेऊन आलेला माणूस. असा डॉक्टर आठवड्यातून एखादी दुपार येणार, म्हणजे पुढच्या वेळी रुग्णाला भेटेल तो दुसराच कुणी. त्यामुळे अशा दवाखान्यात केसपेपर नीट लिहिणं ही शिस्तीची बाब राहत नाही, उपचार त्याच्यावरच टिकतो.

पहिल्या वर्षी रुग्णभेटी झाल्या ५०००. सहा वर्षांनी तो आकडा वर्षाला १६००० वर गेला.

वॉशिंग्टनमध्ये त्याच वर्षी

१९९३ च्या सप्टेंबरात बिल क्लिंटन यांनी सर्वांना विमा देण्याची योजना काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेपुढे, मांडली होती. तेव्हा देशात सुमारे ४ कोटी लोकांना विमा नव्हता. वर्षभर प्रचंड वाद झाला आणि सप्टेंबर १९९४ मध्ये सिनेटमधल्या बहुमताच्या नेत्यांनी ती योजना मेल्याचं जाहीर केलं. हिल्टन हेडचा दवाखाना नेमका त्याच वर्षी उघडला.

यावरून दोन उलट निष्कर्ष काढले जातात. सरकारची गरज नाही, भले लोक पुरेसे आहेत, असा एक. असे दवाखाने म्हणजे सरकारला जबाबदारी टाळायला दिलेली सबब, असा दुसरा. पहिला मला साफ चुकीचा वाटतो. दवाखान्यात गाठ लागली आणि ती कर्करोगाची निघाली तर पुढची शस्त्रक्रिया, औषधं, किरणोपचार स्वयंसेवकांच्या दुपारींतून होत नाहीत. तिथे विमाच लागतो. शिवाय हा दवाखाना उघडला तो कायदा बदलल्यावर, सार्वजनिक जमिनीवर आणि राज्याने उभारलेल्या विमा व्यवस्थेच्या आधाराने. दुसरा निष्कर्ष अधिक प्रामाणिक आहे, पण ज्याला आज इन्सुलिन हवं आहे त्याला काँग्रेसच्या पुढच्या अधिवेशनापर्यंत थांबायला सांगण्याचा अधिकार कुणाला आहे? सॅन फ्रान्सिस्कोत डॉ. डेव्हिड स्मिथ यांनी जून १९६७ मध्ये हेट-ॲशबरीचा मोफत दवाखाना उघडला तेव्हा आरोग्यसेवा हा हक्क आहे, मेहेरबानी नाही, असं त्यांचं ब्रीद होतं. हक्क मागायचा आणि मिळेपर्यंत रुग्ण तपासत राहायचं, हे एकाच दाराच्या आत होऊ शकतं.

इतर गावांत

बातमी पसरली तसे देशभरातल्या निवृत्त डॉक्टरांचे फोन येऊ लागले. २००१ पर्यंत याच धर्तीवरचे आणखी १५ दवाखाने चालू झाले होते, आणि त्याच वर्षी टायलेनॉल बनवणाऱ्या मॅकनील कंपनीने इतर गावांना मदत करता यावी म्हणून मोठं अनुदान दिलं. पण प्रत्येक राज्यात परवान्याचा कायदा निराळा, म्हणजे तीच लढाई नव्याने. दाव्यांच्या बाबतीत संघीय सरकारने १९९६ च्या एका कायद्यात मोफत दवाखान्यातल्या स्वयंसेवक डॉक्टरांना संरक्षण देऊ केलं: दावा झालाच तर तो डॉक्टरवर न होता अमेरिकन सरकारवर होईल. अट अशी की रुग्णाकडून किंवा विमा कंपनीकडून काहीही घ्यायचं नाही आणि दायित्वाच्या या मर्यादेची लेखी कल्पना रुग्णाला आधी द्यायची. कायदा झाला, पण त्यासाठी पैशाची तरतूद व्हायला २००४ उजाडलं. २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याने हे संरक्षण दवाखान्याच्या कर्मचाऱ्यांना आणि विश्वस्तांनाही दिलं.

त्याच २०१० च्या कायद्याने मेडिकेडचं दार गरीब प्रौढांसाठी उघडायचं ठरवलं होतं. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते राज्यांच्या मर्जीवर सोडलं, आणि दक्षिण कॅरोलायनाने ते उघडलं नाही. कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांना त्या कायद्याखालचा विमा विकतही घेता येत नाही. त्यामुळे हिल्टन हेडवरच्या त्या दवाखान्याची गरज कायद्यानंतरही उरली. जॅक मॅकॉनेल २०१८ मध्ये वारले.

एक अडचण मात्र या पद्धतीच्या मुळातच आहे. ती चालते ती जिथे निवृत्त डॉक्टर राहायला येतात तिथे, आणि डॉक्टर राहायला येतात ते समुद्रकिनारी, डोंगराच्या कुशीत, चांगल्या हवेच्या गावात. हिल्टन हेडचा दवाखाना बेटावर, किंवा शेजारच्या, अजूनही पूल नसलेल्या डफस्की बेटावर, राहणाऱ्या किंवा काम करणाऱ्यांसाठी आहे. काम करणाऱ्यांना धरलं हे फार योग्य केलं, नाहीतर बसने येणारे सगळे बाहेर राहिले असते. पण आलेंडेलहून येणाऱ्या बाईला तिथे रक्तदाबाची गोळी मिळते ती तिच्या नोकरीच्या जोरावर. तिच्या घरी असलेल्या, नोकरी गेलेल्या नवऱ्याला त्या नियमात जागा नाही. त्या बाजूच्या बॅम्बर्ग काउंटीतलं रुग्णालय २०१२ मध्ये बंद पडलं, बार्नवेलचं २०१६ मध्ये, आणि निवृत्त होऊन राहायला तिकडे फारसं कुणी जात नाही.